हॅरी डीन स्टँटन, एक गमतीचा नियम आणि तुमची परिकल्पना



पेटची तयारी करणारे आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेले वाचक मला एक प्रश्न हमखास विचारतात: परिकल्पना नेमकी लिहायची कशी? व्याख्या सगळ्यांना पाठ असते. 'दोन किंवा अधिक चलांमधल्या संबंधाविषयीचं तात्पुरतं विधान' वगैरे. गाडी अडते ती पुढे. स्वतःच्या विषयातलं विधान लिहायची वेळ आली की 'अमुकचा तमुकवर सकारात्मक परिणाम होतो' असं काहीतरी कागदावर येतं, आणि समितीतला एखादा सदस्य विचारतो, 'हे चुकीचं ठरलं असं तुम्ही कधी म्हणाल?' तिथे बहुतेक जण गप्प होतात.

आज हाच प्रश्न सोडवू या. पण उदाहरण ना माझ्या विषयातलं, ना तुमच्या. स्वतःच्या विषयात आपण पारिभाषिक शब्दांच्या आड सहज लपतो. सिनेमाबद्दल मात्र प्रत्येकाला मत असतं, त्यामुळे विधान कुठे ढिलं आहे ते लगेच दिसतं. म्हणून आजचं उदाहरण आहे हॅरी डीन स्टँटन नावाच्या अमेरिकन चरित्र अभिनेत्याचं, आणि त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका नियमाचं.

नियम काय सांगतो?

रॉजर ईबर्ट हे 'शिकागो सन-टाइम्स'चे समीक्षक. १९६७ पासून त्यांनी तिथे चित्रपट परीक्षणं लिहिली. १९७५ साली त्यांना समीक्षेसाठी पुलित्झर मिळालं, आणि चित्रपट समीक्षकाला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. या ईबर्टनी अर्धं गमतीत, अर्धं मनापासून एक नियम मांडला. ज्या चित्रपटात हॅरी डीन स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श सहायक भूमिकेत आहे, तो चित्रपट अगदीच वाईट असू शकत नाही. यालाच 'स्टँटन-वॉल्श नियम' म्हणतात.

वॉल्श हाही चरित्र अभिनेताच. 'ब्लेड रनर'मधला पोलिस प्रमुख आणि 'ब्लड सिंपल'मधला घामट खासगी गुप्तहेर म्हणून तो अनेकांना आठवेल. १९७८ च्या 'स्ट्रेट टाइम'मध्ये तर दोघेही आहेत. आपण मात्र आज स्टँटनपुरतंच बोलू.

नियम ऐकायला मस्त आहे. त्यात दोन चलं आहेत: स्टँटनची उपस्थिती आणि चित्रपटाचा दर्जा. दोन्हींत संबंध सांगितलाय, दिशाही सांगितलीये. मग ही परिकल्पना झाली का? ते ठरवण्याआधी ज्याच्याबद्दल बोलतोय तो माणूस नीट बघू या. डेटा न बघता विधान तपासायला बसणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

साठ वर्षांहून लांब कारकीर्द

स्टँटनचा जन्म १४ जुलै १९२६ चा, केंटकी राज्यातल्या वेस्ट अर्व्हिन या छोट्या गावातला. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी नौदलात होता. ओकिनावाच्या लढाईच्या वेळी तो एका जहाजावर स्वयंपाकी होता. युद्धानंतर केंटकी विद्यापीठात पत्रकारिता आणि रेडिओचं शिक्षण सुरू केलं, तिथे नाटकाची गोडी लागली, आणि शेवटी ते सोडून तो कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना प्लेहाउसमध्ये अभिनय शिकायला गेला.

पडद्यावर तो पहिल्यांदा दिसला १९५४ साली, टीव्हीवर. चित्रपट आले १९५७ पासून. पुढची दहाएक वर्षं मुख्यतः टीव्हीवरच्या वेस्टर्न मालिकांमध्ये गेली: 'गनस्मोक', 'रॉहाइड', 'बोनान्झा'. या मालिकांना दर आठवड्याला एक नवा बदमाश लागायचा. मुख्य पात्रं कायम असायची आणि बाकीची माणसं एका भागापुरती येऊन जायची. खोल गेलेले डोळे, हडकुळा चेहरा, संथ बोलणं असलेल्या स्टँटनला अशा कामांची ददात नव्हती. फक्त त्याचं नाव कुणाच्या लक्षात राहत नव्हतं.

१९६७ च्या 'कूल हँड ल्यूक'मध्ये तो तुरुंगातल्या कैद्यांपैकी एक आहे आणि गाणीही म्हणतो. १९७१ च्या 'टू-लेन ब्लॅकटॉप'मध्ये रस्त्यात लिफ्ट मागणारा प्रवासी. १९७३ साली सॅम पेकिनपाचा 'पॅट गॅरेट अँड बिली द किड'. १९७४ च्या 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागात एफबीआयचा माणूस, ज्याला धड नावही नाही. १९७९ साली जॉन ह्यूस्टनच्या 'वाइज ब्लड'मध्ये आंधळेपणाचं सोंग घेणारा धर्मोपदेशक, आणि त्याच वर्षी रिडली स्कॉटच्या 'एलियन'मध्ये ब्रेट नावाचा यानावरचा तंत्रज्ञ. १९८१ साली जॉन कार्पेंटरचा 'एस्केप फ्रॉम न्यू यॉर्क'.

मग आलं १९८४. विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाच्या 'पॅरिस, टेक्सस'मध्ये स्टँटनला मुख्य भूमिका मिळाली. सॅम शेपर्ड या नाटककाराशी गप्पा मारताना आपण तेच तेच रोल करून कंटाळलोय असं तो बोलला होता, आणि पुढे शेपर्डनेच त्याला या भूमिकेसाठी विचारलं, असं स्टँटन सांगत असे. चित्रपटातला ट्रॅव्हिस वाळवंटातून चालत येतो आणि बराच वेळ एक शब्दही बोलत नाही. शेवटाकडे तो काचेपलीकडे बसलेल्या, त्याला पाहू न शकणाऱ्या बायकोशी टेलिफोनवरून बोलतो, आणि तेव्हा कुठे आपल्याला त्याची सगळी गोष्ट कळते. त्या वर्षी कान महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. स्टँटन तेव्हा ५७ वर्षांचा होता.

इथून तो 'स्टार' झाला असं वाटेल, पण तसं झालं नाही. तो पुन्हा छोट्या भूमिकांकडे गेला. 'प्रिटी इन पिंक'मध्ये नायिकेचा बाप, स्कॉर्सेसीच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट'मध्ये पॉल, 'द ग्रीन माइल'मध्ये तुरुंगातला टूट-टूट. डेव्हिड लिंचने त्याला पुन्हा पुन्हा बोलावलं. २००६ पासून एचबीओच्या 'बिग लव्ह' मालिकेत त्याने रोमन ग्रँट हा एका बहुपत्नीक पंथाचा गोड बोलणारा, भीतीदायक म्होरक्या साकारला. २०१२ च्या 'अव्हेंजर्स'मध्ये काही क्षणांपुरता पहारेकरी. २०१७ साली 'ट्विन पीक्स'च्या नव्या पर्वात तो कार्ल रॉड म्हणून आला, १९९२ च्या चित्रपटातलं तेच पात्र, पंचवीस वर्षांनी म्हातारं झालेलं. १५ सप्टेंबर २०१७ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी तो गेला. त्याची मुख्य भूमिका असलेला 'लकी' अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागला तो त्यानंतर दोनच आठवड्यांनी. त्याचा दिग्दर्शक जॉन कॅरल लिंच हा स्वतःही चरित्र अभिनेताच.

पहिल्या कामापासून शेवटपर्यंत ६३ वर्षं. ऑस्करचं नामांकन एकदाही नाही.

आता नियम कापायला घेऊ

समजा हा तुमच्या पीएचडीचा विषय आहे आणि मी समितीत बसलेय. माझे पाच प्रश्न असतील.

पहिला प्रश्न: यादी कुठून आणणार? म्हणजे तुमची समष्टी कोणती? 'स्टँटन असलेले सगळे चित्रपट' हे उत्तर सोपं वाटतं. पण सुरुवातीची कितीतरी वर्षं, १९७१ पर्यंत, श्रेयनामावलीत त्याचं नाव बहुतेक 'डीन स्टँटन' असं यायचं. कारण हॅरी स्टँटन नावाचा दुसरा अभिनेता आधीच होता. श्रेयनामावलीतल्या पूर्ण नावावरून यादी काढली, तर सुरुवातीची बरीच कामं गाळली जातील. ही गंमत संशोधकांना परकी नाही. एकाच आडनाव-आद्याक्षराच्या दोन लेखकांचे पेपर एकमेकांत मिसळतात, लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिकेची आधीची कामं तुटतात. ऑर्किड क्रमांक याच दुखण्यावरचं औषध म्हणून २०१२ पासून आले. तुम्ही अजून काढला नसेल तर आजच काढा.

दुसरा प्रश्न: 'सहायक भूमिका' म्हणजे काय? 'पॅरिस, टेक्सस' आणि 'लकी' नियमाबाहेर, हे नक्की. 'एलियन' आत. पण १९८४ च्याच 'रेपो मॅन'चं काय? त्यात स्टँटनचा बड भरपूर वेळ पडद्यावर आहे, पण गोष्ट एमिलिओ एस्टेव्हेझच्या पात्राची आहे. हा चित्रपट आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा? तुम्ही काहीही ठरवा, पण डेटा बघण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा. यालाच कार्यात्मक व्याख्या म्हणतात. निकाल बघून मग व्याख्या ठरवली, तर वाईट चित्रपट आपोआप 'ती काही सहायक भूमिका नव्हती' या खिडकीतून बाहेर पडतील.

तिसरा प्रश्न: 'अगदीच वाईट' मोजणार कसं? नियमातला सगळ्यात निसरडा शब्द हाच. 'अगदीच'. कुठल्याही टाकाऊ चित्रपटात एखादं दृश्य, एखादं गाणं, एखादा संवाद बरा निघतोच. मग तो 'अगदीच' वाईट नाही, आणि नियम कधीच हरत नाही. न हरणारा नियम भारी वाटतो, पण त्याने आपल्याला काहीच सांगितलेलं नसतं. बरं, ईबर्टचे तारे वापरले तर? मग नियम मांडणारा आणि निकाल देणारा एकच माणूस झाला. शिवाय ते १९६७ पासून लिहू लागले, म्हणजे स्टँटनचे त्याआधीचे चित्रपट त्यांच्या नियमित परीक्षणात आलेच नाहीत. टीव्हीवरचं काम तर नियमाच्या कक्षेतच नाही. त्याच्या कारकिर्दीची सुरुवातीची इतकी वर्षं अशी गळून पडतात.

ईबर्टच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. १९८९ चा 'ड्रीम अ लिटल ड्रीम' हा स्टँटन असलेला चित्रपट आपल्या नियमाचा सरळसरळ भंग आहे, हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. नियम वाचवायला पळवाट काढली नाही. 'असा एकही चित्रपट नाही' या विधानाला एक उलट उदाहरण पुरतं, आणि ते सापडलं. म्हणजे सार्वत्रिक विधान म्हणून नियम तिथेच संपला.

पण लगेच तो फेकून देऊ नका. 'कधीच नाही' हे विधान पडलं तरी 'सहसा नाही' हे अजून तपासायचं बाकी आहे.

चौथा प्रश्न: तुलना कशाशी? समजा (आकडे निव्वळ समजण्यासाठी घेतलेत) स्टँटनच्या सहायक भूमिकांचे ६० चित्रपट आहेत आणि त्यातले ५० ठीकठाक निघाले. नियम खरा ठरला? सांगता येत नाही. एकूणच १०० पैकी ८० चित्रपट 'अगदीच वाईट नाही' या गटात बसत असतील, तर कुठलेही ६० चित्रपट उचलले तरी त्यातले साधारण ४८ ठीक निघतील. नुसत्या योगायोगाने हा आकडा तीनेकने पुढेमागे होईल. म्हणजे ५० मध्ये नवल काहीच नाही. ५८ आले असते तर मात्र खुर्चीत सरसावून बसलो असतो. शून्य परिकल्पना म्हणजे ही एवढी साधी गोष्ट: 'स्टँटन नसता तरी किती आले असते?' हा आकडा हातात नसेल तर तुमचा ५० हा आकडा मुका आहे.

पाचवा प्रश्न: संबंध आहे, पण कारण कोण? त्याच्या दिग्दर्शकांची यादी पुन्हा वाचा. पेकिनपा, ह्यूस्टन, स्कॉट, कार्पेंटर, वेंडर्स, स्कॉर्सेसी, लिंच. ही माणसं स्टँटनशिवायही चांगले चित्रपट काढत होती. मग स्टँटनमुळे चित्रपट चांगला झाला, की चांगला चित्रपट काढणाऱ्या दिग्दर्शकांची नजर छोट्या भूमिकेसाठीही चांगल्या नटावर जाते? दुसरी शक्यता खरी असेल तर स्टँटन हे फक्त लक्षण आहे. धूर दिसतोय म्हणून धुराने आग लावली असं आपण म्हणत नाही. दोन्ही चलांना पाठीमागून ओढणारा असा तिसरा घटक शोधणं, हे समीक्षात्मक वाचनातलं निम्मं काम असतं.

मोठा डेटा घेतला तर?

इथे कुणीतरी म्हणेल, एका नटात कशाला अडकायचं, लाखो नट घ्या. तसं झालंय. १९९८ साली डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी 'नेचर'मध्ये एक पेपर लिहिला, जो पुढे जाळ्यांच्या विज्ञानाचा पाया ठरला. त्यांच्या तीन उदाहरणांपैकी एक होतं चित्रपट कलाकारांचं जाळं. दोघांनी एका चित्रपटात काम केलं असेल तर त्यांच्यात एक धागा. अशा २,२५,२२६ कलाकारांत कुठल्याही दोघांमधलं सरासरी अंतर निघालं फक्त ३.६५ पायऱ्या. जग इतकं लहान का, तर आपापल्या घट्ट घोळक्यांना जोडणारे थोडेसे आडवे धागे असतात. चरित्र अभिनेता हा असा आडवा धागा कसा बनतो ते स्टँटनकडे बघून कळतं. वेस्टर्न मालिका, सत्तरच्या दशकातलं बंडखोर हॉलिवूड, जर्मन दिग्दर्शक, किशोरवयीन प्रेमकथा, एचबीओ, मार्व्हल: ही वेगवेगळी घरं एकाच पाहुण्याने जोडलेली आहेत. स्टार सहसा आपल्या घरात राहतो.

दुसरा अभ्यास २०१९ चा, 'नेचर कम्युनिकेशन्स'मधला. ऑलिव्हर विल्यम्स, लुकास लाकासा आणि व्हितो लातोरा यांनी आयएमडीबीवरच्या वीस लाखांहून जास्त अभिनेते-अभिनेत्रींच्या कारकिर्दी तपासल्या. मोजलं काय, तर वर्षाला किती कामांत नाव आहे. साधारण ७० टक्के लोकांची कारकीर्द एकाच वर्षाची निघाली. ज्याला काम आहे त्यालाच आणखी काम मिळतं हेही दिसलं. आणि बहुतेकांचं सर्वाधिक कामाचं वर्ष कारकिर्दीच्या सुरुवातीच्या भागात येतं.

अभ्यास चांगला आहे, आणि मोजमाप का निवडलं तेही लेखकांनी स्पष्ट सांगितलंय. या धंद्यात मुळात काम मिळत राहणं हेच दुर्मीळ, म्हणून तेच यश धरलं. या फुटपट्टीने ६३ वर्षं काम मिळवणारा स्टँटन म्हणजे दुर्मीळातला दुर्मीळ. पण हीच फुटपट्टी 'गनस्मोक'चा एक भाग आणि 'पॅरिस, टेक्सस' या दोन्हींना सारखंच धरते: एक काम, एक गुण. त्याच्या आयुष्यातलं १९८४ तिला वेगळं ओळखता येत नाही. हा फुटपट्टीचा दोष नाही. तिला विचारलेला प्रश्न वेगळा होता, इतकंच.

मग नियम राहतो कुठे?

आता मूळ विधानाकडे परत या. ईबर्टना नेमकं काय म्हणायचं होतं? माझ्या मते त्यांचं विधान चित्रपटाबद्दल नव्हतंच. ते दृश्याबद्दल होतं.

'एलियन' आठवा. ब्रेट मांजर शोधायला यानाच्या एका अंधाऱ्या भागात जातो. वरून साखळ्या लोंबतायत, पाणी ठिबकतंय. तो टोपी काढतो आणि घटकाभर तोंडावर पाणी घेत उभा राहतो. गोष्टीला याची काही गरज नाही. पण त्या क्षणी तो पात्र न राहता एक दमलेला कामगार होतो, आणि म्हणून पुढे जे होतं ते आपल्याला लागतं. किंवा लिंचचा 'द स्ट्रेट स्टोरी' घ्या. आजारी भावाला भेटायला एक म्हातारा गवत कापायच्या यंत्रावर बसून आयोवाहून विस्कॉन्सिनला निघतो. तो भाऊ म्हणजे स्टँटन, आणि तो येतो थेट शेवटच्या दृश्यात, काही मिनिटांसाठी. आख्खा चित्रपट त्या मिनिटांच्या भरवशावर चाललेला असतो.

असा नट असलेल्या चित्रपटात निदान त्याची दृश्यं तरी बरी असणार, म्हणून चित्रपट 'अगदीच' वाईट नाही. नियमाचा अर्थ हाच असेल तर आपण इतका वेळ चुकीचं एकक मोजत होतो. विश्लेषणाचं एकक चित्रपट नसून दृश्य असायला हवं.

आणि एकक बदललं की अभ्यासाचा आराखडाच बदलतो. एकाच चित्रपटातली दृश्यं घ्या: काही स्टँटनची, काही त्याच चित्रपटातल्या इतर सहायक कलाकारांची. दिग्दर्शक तोच, पटकथा तीच, बजेट तेच. पाचव्या प्रश्नातला तिसरा घटक बऱ्याच अंशी आपोआप बांधला गेला. दृश्यांना गुण देणारे दोन-तीन परीक्षक घ्या, ज्यांनी हा नियम ऐकलेला नाही. त्यांनी एकमेकांपासून स्वतंत्र गुण द्यावेत. त्यांचं आपसात किती जुळतं तेही मोजा. मग परिकल्पना अशी होईल:

'एकाच चित्रपटात, स्टँटन असलेल्या दृश्यांना मिळणारे सरासरी गुण हे इतर सहायक कलाकारांच्या दृश्यांना मिळणाऱ्या सरासरी गुणांपेक्षा जास्त असतील.'

वाचायला मूळ नियमाइतकी मजा येत नाही, मान्य. पण ही हरू शकते. गुण सारखे आले किंवा कमी आले तर ती पडली, संपलं. कुठल्या आकड्याला हार मानायची ते आधीच ठरलंय. अजूनही एक फट आहे, ती तुमच्या नजरेत आली का? चांगल्या नटाला दिग्दर्शक मुळातच चांगली लिहिलेली दृश्यं देत असेल. ही फट कशी बुजवायची याचा विचार करा आणि कमेंटमध्ये लिहा. पूर्ण बुजणार नाही. तेव्हा ती 'मर्यादा' या विभागात प्रामाणिकपणे लिहायची.

सिनॉप्सिस लिहिताना

तुमची परिकल्पना कागदावर लिहा आणि तिच्याखाली हे पाच प्रश्न ओळीने लिहा. यादी कुठून? शब्दांच्या व्याख्या काय? मोजणार कसं? तुलना कशाशी? तिसरा घटक कोण? मग सहावा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: मी जे म्हणतेय ते नक्की कुठल्या एककात घडतं? शाळेत की वर्गात, जिल्ह्यात की घरात, रोपात की पेशीत, चित्रपटात की दृश्यात? बऱ्याचदा विधान खरं असतं, पण आपण ते एक मजला वर किंवा एक मजला खाली शोधत असतो. आणि सगळ्यांत शेवटी एक वाक्य पूर्ण करा: 'मला अमुक दिसलं तर माझी परिकल्पना चुकली असं मी म्हणेन.' हे वाक्य पूर्ण होत नसेल तर समितीपुढे जाऊ नका, गाईडकडे जा.

जाता जाता एक गोष्ट आपल्या धंद्यातली. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढली, तरी नोकरीच्या रांगेत पेपर मोजले जातातच. एक पेपर, एक गुण, अगदी त्या २०१९ च्या अभ्यासासारखं. सहा लेखकांच्या पेपरमध्ये चौथ्या नंबरवर नाव असलेल्या माणसाने नेमकं काय केलं हे त्या गुणातून कळत नाही. कदाचित सगळं उपकरण त्यानेच जुळवलेलं असतं. म्हणून आता बरीच नियतकालिकं लेखकांचं योगदान वेगळं लिहायला सांगतात. 'क्रेडिट' नावाच्या वर्गवारीत अशा १४ भूमिका आहेत: संकल्पना कुणाची, प्रयोग कुणी केले, विश्लेषण कुणी केलं, मसुदा कुणी लिहिला. पेपर पाठवताना हा रकाना शेवटच्या पाच मिनिटांत उरकू नका, आणि तुमचं काम त्यात नीट लिहिलं जातंय ना ते बघा. एरवी ते कुठेच नोंदलं जात नाही.

या शनिवार-रविवारी वेळ असेल तर 'पॅरिस, टेक्सस' बघा. आधी 'एलियन' बघितलात तर अजून छान, म्हणजे तोच माणूस दोन्हीकडे आहे यावर विश्वास बसायला थोडा वेळ लागेल.

पुढच्या लेखात नमुना निवड. तोपर्यंत तुमच्या परिकल्पना पाठवा, पाच प्रश्नांसकट.